एक रेणू, दोन ग्राही : वजन कमी करणाऱ्या दुहेरी पेप्टाइड औषधाची जडणघडण

टिर्झेपटाइड हे औषध आठवड्यातून एकदा पोटाच्या, मांडीच्या किंवा दंडाच्या त्वचेखाली टोचले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मे २०२२ मध्ये टाइप-२ मधुमेहासाठी ‘मौंजारो’ या नावाने आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये वजन कमी करण्यासाठी ‘झेपबाउंड’ या नावाने मान्यता दिली. बातम्यांमध्ये त्याचा उल्लेख ‘दुहेरी’ औषध असा होतो आणि त्या शब्दामुळे एक गैरसमज सहज होतो : जणू दोन औषधे एका सिरिंजमध्ये मिसळली आहेत, किंवा दोन रेणू दोरीने एकमेकांना बांधले आहेत. प्रत्यक्षात ती ३९ अमिनो आम्लांची एकच साखळी, म्हणजेच पेप्टाइड आहे, आणि त्या साखळीतील अक्षरे, म्हणजे एकेक अमिनो आम्ल, अशी निवडलेली आहेत की दोन वेगवेगळे ग्राही, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची संदेश स्वीकारणारी प्रथिने, तिला आपलीच मानतात. ‘एका दगडात दोन पक्षी’ ही म्हणसुद्धा इथे नीट लागू पडत नाही, कारण एक रेणू एका वेळी एकाच ग्राहीवर बसतो. ५ मिलिग्रॅमच्या मात्रेत ६ वर १७ शून्ये, साधारण इतके रेणू असतात. त्यांतले काही इकडे बसतात, काही तिकडे.

खरा प्रश्न असा की, दोन निरनिराळ्या ग्राहींना पटेल असा एकच मजकूर लिहायचा कसा, आणि तो लिहिताना तडजोड कुठे करायची. माझ्या मते या औषधाची सगळी खुबी त्या तडजोडीच्या जागेत आहे, म्हणून या लेखात आपण औषधाच्या परिणामांपेक्षा त्याच्या अक्षरांकडे अधिक लक्ष देणार आहोत.

आतड्यातून निघणारे दोन संदेश

तेवढीच ग्लुकोज शिरेतून दिली तर जितके इन्सुलिन स्रवते, त्यापेक्षा तोंडावाटे दिली तर बरेच जास्त स्रवते, हे १९६० च्या दशकात स्पष्ट झाले. याचा अर्थ असा होता की अन्न आतड्यात पोहोचल्याची वर्दी स्वादुपिंडाला रक्तातील साखर वाढल्यामुळे जितकी मिळते, त्याहून जास्त ती आतड्याकडूनच मिळते. ही वर्दी देणारी संप्रेरके मुख्यतः दोन आहेत. पहिले जीआयपी, जे लहान आतड्याच्या वरच्या भागातील के-पेशींमधून स्रवते आणि ४२ अमिनो आम्लांचे असते. दुसरे जीएलपी-१, जे प्रामुख्याने आतड्याच्या खालच्या भागातील एल-पेशींमधून स्रवते आणि त्याचे मुख्य सक्रिय रूप ३० अमिनो आम्लांचे असते.

जीआयपीचा शोध आधी लागला. १९७० च्या सुमारास जॉन ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या आतड्यातून ते वेगळे काढले, आणि जठरातील आम्लाचा स्राव ते रोखते असे दिसल्यामुळे त्याला त्या अर्थाचे ‘गॅस्ट्रिक इन्हिबिटरी पॉलिपेप्टाइड’ हे नाव दिले. पुढे इन्सुलिन वाढवणे हेच त्याचे महत्त्वाचे काम असल्याचे लक्षात आल्यावर नावाचा अर्थ बदलला, पण आद्याक्षरे तीच राहावीत अशी काळजी घेतली गेली. विज्ञानात जुनी पाटी न उतरवता तिच्यावरचा मजकूर बदलण्याचे असे प्रसंग थोडे नाहीत. जीएलपी-१ मात्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लुकागॉन या रक्तातील साखर वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या जनुकाचा क्रम वाचताना हाती लागले. हे दुसरे संप्रेरक इन्सुलिन वाढवते, ग्लुकागॉन कमी करते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि मेंदूतील भूक व तृप्ती यांच्याशी निगडित केंद्रांवर काम करून खाण्याची इच्छा कमी करते.

जीआयपीची कहाणी इतकी सरळ नव्हती. टाइप-२ मधुमेहात इन्सुलिन वाढवण्याची त्याची ताकद बरीच घटलेली असते, त्यामुळे औषध म्हणून ते निरुपयोगी समजले गेले. त्यात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्या उंदरांमध्ये जीआयपीचा ग्राहीच नव्हता ते उंदीर चरबीयुक्त आहार देऊनही लठ्ठ झाले नाहीत असे दिसले. तेव्हा जीआयपीचे काम वाढवण्याऐवजी ते अडवले तरच वजन कमी होईल, असे मानण्यास चांगला आधार होता. त्या काळात जीआयपीचा ग्राही उद्दीपित करणारे वजनाचे औषध काढू म्हणणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणे होते.

नऊ अक्षरांची तुलना

जीआयपी, जीएलपी-१ आणि ग्लुकागॉन ही तिन्ही संप्रेरके एकाच कुळातली आहेत, आणि हे नाते त्यांच्या अक्षरांत डोळ्यांना दिसते. जीएलपी-१ ची पहिली नऊ अक्षरे अशी : हिस्टिडीन, अलानीन, ग्लुटामिक आम्ल, ग्लायसीन, थ्रिओनीन, फेनिलअलानीन, थ्रिओनीन, सेरीन, अस्पार्टिक आम्ल. जीआयपीची पहिली नऊ अक्षरे अशी : टायरोसीन, अलानीन, ग्लुटामिक आम्ल, ग्लायसीन, थ्रिओनीन, फेनिलअलानीन, आयसोल्युसीन, सेरीन, अस्पार्टिक आम्ल. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून पाहिल्या तर फरक फक्त दोन जागी सापडतो, पहिल्या आणि सातव्या. पुढे मात्र दोन्ही साखळ्या हळूहळू एकमेकींपासून दूर जातात.

ही सुरुवातीची नऊ अक्षरे इतकी महत्त्वाची का, हे कळण्यासाठी ग्राहीची रचना थोडी पाहावी लागेल. या दोन्ही संप्रेरकांचे ग्राही पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेल्या प्रथिनांच्या एका मोठ्या कुळातील ‘ब’ वर्गात मोडतात. त्यांचा एक भाग पेशीबाहेर पंजासारखा असतो, आणि पटलात रुतलेल्या सात दंडांच्या मध्ये एक खोल खळगा असतो. पेप्टाइड येते तेव्हा त्याचा मागचा, म्हणजे शेपटीकडचा अर्धा भाग आधी त्या पंजात अडकतो, आणि मग त्याचे डोके खळग्यात खोलवर उतरते. शेपटीकडचा भाग मुख्यतः पकड किती घट्ट हे ठरवतो. डोक्याकडची अक्षरे ग्राही चालू होतो की नाही, आणि चालू झाला तर कोणत्या पद्धतीने, हे ठरवतात. कुलूप आणि किल्ली ही नेहमीची उपमा इथे अपुरी पडते, कारण किल्ली आत गेली की कुलूप एकतर उघडते किंवा उघडत नाही. हा ग्राही मात्र किंचित वेगळ्या आकाराच्या डोक्याला किंचित वेगळा प्रतिसाद देतो.

आता टिर्झेपटाइडची पहिली नऊ अक्षरे पाहा : टायरोसीन, एक विशेष अमिनो आम्ल, ग्लुटामिक आम्ल, ग्लायसीन, थ्रिओनीन, फेनिलअलानीन, थ्रिओनीन, सेरीन, अस्पार्टिक आम्ल. पहिल्या जागेचे टायरोसीन जीआयपीकडून आले आहे आणि सातव्या जागेचे थ्रिओनीन जीएलपी-१ कडून. जिथे दोन्ही संप्रेरकांचे एकमत होते तिथे, दुसरी जागा वगळता, काही बदललेले नाही. जिथे मतभेद होता तिथे एक जागा एकाला आणि एक दुसऱ्याला मिळाली आहे. पुढच्या भागातही जीआयपीचा सांगाडा ओळखू येतो, उदाहरणार्थ दहाव्या जागेचे टायरोसीन, बाराव्या आणि सतराव्या जागेची आयसोल्युसीने, सोळाव्या जागेचे लायसीन. चौदाव्या जागी जीआयपीमध्ये मेथिओनीन असते, त्याऐवजी इथे ल्युसीन आहे. मेथिओनीनचे ऑक्सिडीभवन लवकर होते, म्हणून दीर्घकाळ साठवायच्या औषधांत ते टाळण्याकडे रसायनशास्त्रज्ञांचा कल असतो.

शेवटची अकरा अक्षरे मात्र या दोघांपैकी कोणाचीच नाहीत. ती उत्तर अमेरिकेच्या वाळवंटी भागात राहणाऱ्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतून आली आहेत. १९९२ मध्ये जॉन एंग यांनी त्या लाळेत एक्झेंडिन-४ हे ३९ अमिनो आम्लांचे पेप्टाइड असल्याचे प्रसिद्ध केले. ते मानवी जीएलपी-१ शी निम्म्याहून थोडे अधिक जुळते आणि जीएलपी-१ च्या ग्राहीला उत्तम रीतीने चालू करते. त्याचेच कृत्रिमरीत्या बनवलेले रूप, एक्झेनाटाइड, २००५ मध्ये मधुमेहाचे औषध म्हणून बाजारात आले. एक्झेंडिनची प्रोलीनने भरलेली शेपूट मागे वळून पंचविसाव्या जागेच्या ट्रिप्टोफॅनभोवती पिंजऱ्यासारखी बसू शकते आणि साखळीच्या वळणदार भागाला आधार देते. टिर्झेपटाइडच्या २९ ते ३९ या जागांवर ही शेपूट अक्षरशः जशीच्या तशी बसवलेली आहे, आणि पंचविसाव्या जागी ट्रिप्टोफॅनही आहे.

कात्री आणि चाळणी

नैसर्गिक जीएलपी-१ जसेच्या तसे शिरेतून दिले तर एक-दोन मिनिटांत त्याचे निम्मे प्रमाण निकामी होते. जीआयपी त्यापेक्षा थोडे अधिक टिकते, पण तेही काही मिनिटांचेच पाहुणे असते. रोजच्या जेवणासाठी ही घाई सोयीची असते, कारण संदेश पोहोचला की तो पुसला जायला हवा. आठवड्यातून एकदा टोचायच्या औषधासाठी मात्र ती घातक ठरते. या घाईची कारणे दोन : एक कात्री आणि एक चाळणी.

कात्री म्हणजे डीपीपी-४ नावाचे विकर. ज्या साखळीच्या दुसऱ्या जागी अलानीन किंवा प्रोलीन असते, तिची पहिली दोन अक्षरे ते कापून टाकते. जीएलपी-१ आणि जीआयपी या दोघांच्याही दुसऱ्या जागी अलानीनच आहे. दोन अक्षरे गेली की डोकेच गेले, आणि उरलेली साखळी ग्राहीच्या पंजात अडकली तरी त्याला चालू करू शकत नाही. सरड्याच्या एक्झेंडिनमध्ये दुसऱ्या जागी ग्लायसीन असल्यामुळे ते या कात्रीतून सुटते. टिर्झेपटाइडने दुसरा मार्ग घेतला आहे. अलानीनच्या मध्यवर्ती कार्बनवर एक हायड्रोजन आणि एक मिथाइल गट असतो. तो हायड्रोजन काढून तिथे आणखी एक मिथाइल गट बसवला की अमिनोआयसोब्युटिरिक आम्ल तयार होते, ज्याला या क्षेत्रातले लोक थोडक्यात ‘एआयबी’ म्हणतात. बदल एवढाच, एका हायड्रोजनऐवजी एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. पण कात्रीच्या पात्यांमध्ये ही जाडी मावत नाही, आणि ग्राहीला मात्र हा फरक खुपत नाही. आपल्या पेशी प्रथिने बांधताना जी वीस अमिनो आम्ले वापरतात त्यांत हे नाही. काही बुरशी स्वतःच्या पेप्टाइडांत ते वापरतात, आणि १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केतही ते सापडले आहे, म्हणजे औषधाच्या कुपीतला हा घटक जीवसृष्टीच्या बाहेरही आपोआप तयार होत असतो.

टिर्झेपटाइडमध्ये एआयबी दोन जागी आहे, दुसऱ्या आणि तेराव्या. तेराव्या जागी डीपीपी-४ चा धोका नसतो. पण एआयबीचा आणखी एक गुण असा की त्याच्या मध्यवर्ती कार्बनभोवती गर्दी असल्यामुळे साखळीला फारसे वळवळता येत नाही आणि ती स्प्रिंगसारख्या सर्पिल आकाराकडे झुकते. ग्राहीत शिरताना पेप्टाइडला नेमका तोच आकार हवा असतो, आणि सर्पिल आकारात घट्ट बसलेली साखळी इतर प्रथिनभंजक विकरांनाही सहज हाती लागत नाही.

चाळणी म्हणजे मूत्रपिंड. टिर्झेपटाइडचे रेणुभार साधारण ४,८०० डाल्टन आहे, आणि इतका लहान रेणू रक्तात सुटा फिरत राहिला तर तो मूत्रपिंडातून लवकर गाळला जातो. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन मात्र सुमारे ६६,५०० डाल्टनचे असते, चाळणीतून जात नाही, आणि त्याला पेशींमधून पुन्हा रक्तात परत पाठवणारी खास यंत्रणा असल्यामुळे त्याचे अर्धायुष्य, म्हणजे प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा काळ, जवळजवळ तीन आठवड्यांचे असते. शिवाय एक लिटर रक्तद्रवात ते ३५ ते ५० ग्रॅम इतके मुबलक असते आणि मेद आम्ले वाहून नेणे हे त्याचे रोजचेच काम. तेव्हा पेप्टाइडला एक मेद आम्ल जोडून द्यायचे, म्हणजे अल्ब्युमिन त्याला ओळखीचा प्रवासी समजून पाठीवर घेईल, ही कल्पना पुढे आली. जीएलपी-१ च्या ग्राहीवर काम करणाऱ्या लिराग्लुटाइड या आधीच्या औषधात सोळा कार्बनचे साधे मेद आम्ल होते, आणि त्याचे अर्धायुष्य १३ तासांच्या आसपास आले. म्हणून ते रोज टोचावे लागते. त्याच प्रकारच्या सेमाग्लुटाइडमध्ये अठरा कार्बनची आणि दोन्ही टोकांना आम्लगट असलेली साखळी आली, दुसऱ्या जागेच्या अलानीनऐवजी एआयबी आले, आणि अर्धायुष्य सुमारे आठवड्यावर गेले. टिर्झेपटाइडमध्ये ही मेदसाखळी वीस कार्बनची आहे, तीही दोन आम्लगटांची, आणि अर्धायुष्य सुमारे पाच दिवसांचे आहे.

ही मेदसाखळी विसाव्या जागेच्या लायसीनच्या बाहेर आलेल्या फांदीवर लावलेली आहे, पण थेट नाही. मध्ये ग्लुटामिक आम्लाचा एक दुवा आणि पाण्याशी सलगी असलेले दोन लवचीक तुकडे आहेत, म्हणजे तेलकट साखळी पेप्टाइडच्या अंगाला चिकटून न बसता अल्ब्युमिनपर्यंत मोकळी पोहोचते. विसावी जागा निवडण्यालाही अर्थ आहे : डोक्याकडे इतका मोठा लोंबता भाग लावला तर तो खळग्याच्या तोंडाशीच अडतो, आणि दोन ग्राहींपैकी कोणालाही अडचण होणार नाही अशा जागा साखळीवर फार नसतात. इथे आणखी एक ओढाताण आहे, जी सोप्या वर्णनांत सहसा सुटून जाते. टिर्झेपटाइडचे ९९ टक्के रेणू अल्ब्युमिनला चिकटलेले असतात, आणि चिकटलेला रेणू ग्राहीपाशी काम करू शकत नाही. काम फक्त सुटलेला अंश करतो. पकड ढिली ठेवली तर औषध लवकर वाहून जाते, फार आवळली तर ते रक्तात असूनही उपयोगाला येत नाही.

समतोल नव्हे, असमतोल

एकाच रेणूने दोन ग्राही चालू करण्याची कल्पना एका कंपनीच्या प्रयोगशाळेत अचानक उगवली नाही. रिचर्ड डिमार्ची आणि माथियास चोप यांच्या गटांनी २००९ मध्ये जीएलपी-१ व ग्लुकागॉन यांच्या ग्राहींवर, आणि २०१३ मध्ये जीएलपी-१ व जीआयपी यांच्या ग्राहींवर एकत्र काम करणारे पेप्टाइड प्रसिद्ध केले होते. टिर्झेपटाइडची रचना एलाय लिली कंपनीच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये शोधनिबंधातून मांडली. दोन वेगळी औषधे एकत्र देण्यापेक्षा एक रेणू बरा, याचे एक व्यावहारिक कारण असे की दोन औषधे शरीरात वेगवेगळ्या वेगाने शोषली आणि निकामी केली जातात, त्यामुळे त्यांचे परस्पर प्रमाण दिवसागणिक बदलत राहते. एकाच रेणूत ते प्रमाण रचनेतच गोठवलेले असते.

हे गोठवलेले प्रमाण टिर्झेपटाइडमध्ये समसमान नाही. जीआयपीच्या ग्राहीला ते नैसर्गिक जीआयपीइतकेच घट्ट धरते, पण जीएलपी-१ च्या ग्राहीवरची त्याची पकड नैसर्गिक जीएलपी-१ च्या तुलनेत साधारण पाचपट कमजोर आहे. पहिल्या जागी टायरोसीन ठेवल्याची ही किंमत म्हणता येईल, कारण जीएलपी-१ च्या ग्राहीच्या खळग्याला तिथे हिस्टिडीनची सवय आहे. वरवर पाहता हा दोषच वाटतो : भूक कमी करण्याचे मुख्य काम ज्या ग्राहीकडे, त्याच्याशीच हातमिळवणी सैल.

पण इथे ग्राहीच्या आतल्या बाजूला काय घडते ते पाहावे लागते. ग्राही चालू झाला की पेशीच्या आत जी-प्रथिन जागे होते आणि सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या तयार होऊ लागतो. इन्सुलिन स्रवण्यासारखे पुढचे परिणाम यातून होतात. त्याच वेळी बीटा-अरेस्टिन हे दुसरे प्रथिन येऊन ग्राहीला चिकटते, आणि थोड्या वेळाने ग्राहीला पेशीच्या आत ओढून नेले जाते. सतत जोरात वाजणारी घंटा घरातल्यांनी काढून ठेवावी, तसा हा प्रकार. नैसर्गिक जीएलपी-१ दोन्ही गोष्टी जोमाने घडवते. टिर्झेपटाइड मात्र जीएलपी-१ च्या ग्राहीवर पहिली गोष्ट बऱ्यापैकी घडवते आणि दुसरी फारच कमी, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. परिणामी ग्राही पृष्ठभागावर जास्त काळ टिकून राहतात, आणि आठवडाभर रक्तात असलेल्या औषधाला बोलायला कोणीतरी शिल्लक राहते. जीआयपीच्या ग्राहीवर त्याचे वागणे नैसर्गिक जीआयपीसारखेच आहे. २०२२ मध्ये गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनातून ग्राहीत बसलेल्या टिर्झेपटाइडच्या रचना मिळाल्या, तेव्हा या वेगळेपणाच्या संदर्भात बोट पुन्हा पहिल्या जागेच्या टायरोसीनकडेच गेले. कमजोर पकड ही सर्वस्वी तोट्याची बाब नाही, हे मान्य करायला औषधशास्त्राला वेळ लागला. कारण वर्षानुवर्षे ‘जितकी पकड घट्ट, तितके औषध चांगले’ हाच हिशोब चालत आला होता.

आकडे, आणि त्यांतून काय ठरत नाही

मधुमेह नसलेल्या पण लठ्ठपणा किंवा जास्त वजन असलेल्या २,५३९ प्रौढांवर झालेल्या सरमाउंट-१ या चाचणीत ७२ आठवड्यांनंतर सरासरी वजन ५ मिलिग्रॅमच्या गटात १५.० टक्के, १० च्या गटात १९.५ टक्के आणि १५ च्या गटात २०.९ टक्के घटले. निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांत ही घट ३.१ टक्के होती. सेमाग्लुटाइडशी थेट तुलना करणारी सरमाउंट-५ ही चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली; तिच्यात ७२ आठवड्यांत टिर्झेपटाइडने २०.२ टक्के तर सेमाग्लुटाइडने १३.७ टक्के घट झाली. औषध थांबवल्यावर काय होते तेही तपासले गेले : ३६ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन घटवलेल्यांपैकी ज्यांना पुढे निष्क्रिय इंजेक्शन दिले, त्यांचे वजन वर्षभरात सरासरी १४ टक्क्यांनी परत वाढले. रेणू पाच दिवसांच्या अर्धायुष्याने निघून जातो आणि त्याच्याबरोबर त्याचा संदेशही.

मळमळ, उलट्या, जुलाब आणि बद्धकोष्ठता हे नेहमी आढळणारे त्रास आहेत. म्हणून सुरुवात २.५ मिलिग्रॅमने करतात आणि किमान चार आठवड्यांच्या अंतराने मात्रा वाढवतात.

सेमाग्लुटाइडपेक्षा हे औषध सरस ठरले, म्हणजे फरक जीआयपीमुळेच पडला, असा निष्कर्ष मात्र या आकड्यांतून थेट निघत नाही, आणि घाईने काढूही नये. दोन्ही रेणूंमध्ये फक्त एका ग्राहीचा फरक नाही; मात्रा वेगळ्या आहेत, जीएलपी-१ च्या ग्राहीवर काम करण्याची रीतही वेगळी आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत आणखी एक पाचर आहे : टिर्झेपटाइड मानवी जीआयपी ग्राहीवर जितके चालते तितके उंदराच्या ग्राहीवर चालत नाही, त्यामुळे साध्या उंदरांत दिसणारा त्याचा परिणाम बहुतांशी जीएलपी-१ च्या बाजूनेच आलेला असतो. मानवी स्वादुपिंडातील ‘बेटांवर’, म्हणजे इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांवर, केलेल्या प्रयोगांत मात्र इन्सुलिन वाढवण्याच्या कामात जीआयपीच्या ग्राहीचा वाटा स्पष्ट दिसला. जीआयपीच्या बाजूने आणखी एक पुरावा अनपेक्षित प्राण्याकडून आला. उंदरांना उलटी होऊ शकत नाही, पण चिचुंद्रीला होते. आणि जीएलपी-१ चा ग्राही उद्दीपित करून आणलेल्या उलट्या जीआयपीचा ग्राही सोबत उद्दीपित केल्यावर चिचुंद्रीत कमी झाल्या. मेंदूतल्या ज्या भागात मळमळ जन्म घेते तिथे जीआयपीचे ग्राही असलेल्या पेशी आहेत, तेव्हा ही गोष्ट पटण्यासारखी आहे.

आणि तरीही २००२ चा तो उंदरांचा प्रयोग खोटा ठरलेला नाही. ॲमजेन कंपनीचे मॅरिडेबार्ट कॅफ्राग्लुटाइड हे प्रायोगिक औषध नेमके उलट्या दिशेने बांधलेले आहे : जीआयपीचा ग्राही अडवणारे एक प्रतिपिंड, आणि त्याला जोडलेली जीएलपी-१ सारखी दोन पेप्टाइडे. त्यानेही वजन घटते. एक औषध त्या ग्राहीला चालू करते, दुसरे बंद करते, आणि दोघांच्याही रुग्णांचे वजन उतरते. दीर्घकाळ चालू ठेवलेला ग्राही शेवटी थकून बंदच पडतो, हे एक स्पष्टीकरण दिले जाते. दोन्ही औषधे वेगवेगळ्या पेशींवर वेगवेगळ्या वाटेने काम करतात, हे दुसरे. मला दुसरे अधिक सयुक्तिक वाटते, कारण चरबीच्या पेशी, स्वादुपिंड आणि मेंदू यांतल्या जीआयपी ग्राहींनी एकाच तालात चालावे, असा काही नियम नाही.

दुहेरीपणाचा हा एकमेव प्रकारही नव्हे. ऑक्सिंटोमोड्युलिन हे ३७ अमिनो आम्लांचे नैसर्गिक संप्रेरक, ज्यात ग्लुकागॉनची सर्व २९ अक्षरे आणि पुढे आठ जादा अक्षरे असतात, जीएलपी-१ आणि ग्लुकागॉन या दोघांचेही ग्राही आपसूक चालू करते. सर्व्होड्युटाइड आणि मॅझड्युटाइड ही औषधे त्याच जोडीवर काम करतात. ग्लुकागॉन यकृतातून साखर बाहेर काढते, म्हणून ते मधुमेहात नकोसे. पण ते ऊर्जेचा खर्च आणि यकृतातील चरबीचे ज्वलनही वाढवते, म्हणून ते हवेसे. जीएलपी-१ ची बाजू साखर आवरते आणि ग्लुकागॉनची बाजू खर्च वाढवते, असा हा जुगाड आहे, आणि यात प्रमाण जरा चुकले तर साखर वाढण्याचा धोका असतो. तिन्ही ग्राहींवर काम करणाऱ्या रेटाट्रुटाइडने दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत सर्वांत मोठ्या मात्रेला ४८ आठवड्यांत सरासरी २४.२ टक्के घट दाखवली. तेही ३९ अमिनो आम्लांचे आहे आणि त्याच्यावरही वीस कार्बनची मेदसाखळी आहे.

साखळी बांधणारे हात

इन्सुलिनसारखी पेप्टाइडे यीस्टकडून किंवा जिवाणूंकडून बनवून घेता येतात, कारण त्यांची सगळी अक्षरे जनुकीय लिपीत लिहिता येतात. एआयबीसाठी त्या लिपीत अक्षरच नाही. त्यामुळे टिर्झेपटाइड रासायनिक पद्धतीने, एकेक अमिनो आम्ल जोडत बांधावे लागते. ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या आणि १९८४ चे नोबेल मिळवून देणाऱ्या पद्धतीत साखळीचे एक टोक राळेच्या सूक्ष्म मण्यावर पक्के बसवतात, मग एक अक्षर जोडायचे, उरलेली रसायने धुऊन टाकायची, पुढचे अक्षर जोडायचे, असे चालते. ३९ अक्षरांसाठी ३८ जोड लागतात. प्रत्येक जोड ९९ टक्के यशस्वी झाली तरी शेवटी पूर्ण साखळ्या सुमारे ६८ टक्केच निघतात. यश ९८ टक्क्यांवर आले तर त्या निम्म्याहूनही कमी, ४६ टक्के. उरलेल्या साखळ्यांत कुठे ना कुठे एखादे अक्षर गाळलेले असते, आणि ३८ अक्षरांची चुकीची साखळी ३९ अक्षरांच्या बरोबर साखळीपासून वेगळी काढणे हे अत्यंत जिकिरीचे काम असते.

म्हणून मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्यासाठी साखळीचे चार तुकडे मण्यांवर स्वतंत्रपणे बांधून, आणि मग ते द्रावणात एकमेकांना जोडण्याची मिश्र पद्धत २०२१ मध्ये कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. छोट्या तुकड्यात चूक सापडणे आणि काढून टाकणे सोपे जाते. तरी दोन जागा त्रासदायक राहतात, दुसरी आणि तेरावी. एआयबीच्या मध्यवर्ती कार्बनवर दोन मिथाइल गटांची गर्दी असते, आणि ज्या गर्दीमुळे विकराची कात्री तिथे पोहोचू शकत नाही, तिच्यामुळेच पुढचे अक्षर जोडणारी अभिक्रियाही तिथे मंदावते.